न संपणारी खंडेनवमी

आमच्या मराठी मंडळाच्या दोघी दिवाळी अंकासाठी लेख मागायला घरी आल्या तेव्हा मी म्हटलं, "लिहिणाऱ्या सगळ्या संपल्या काय?" त्यांतली एक कॉलेजात शिकवते. ती म्हणाली, "नाही कृष्णक्का, लिहिणाऱ्या पुष्कळ आहेत. सांगण्यासारखं काही केलेल्या कमी आहेत." बोलणं फार गोड होतं, त्यामुळे मी विश्वास ठेवला नाही. पण कॉफी पिऊन त्या गेल्यावर वाटलं, लिहून बघू. नाही आवडलं तर छापणार नाहीत. माझं काय जातंय.

मी चौथी शिकले, तीही कन्नड शाळेत. मराठी वाचायला-लिहायला वडिलांनी घरी शिकवलं. आमचे पूर्वज म्हैसूरच्या महाराजांच्या घोडदळात होते. वडील म्हणायचे, घोडं गेलं, पगार गेला, निदान भाषा तरी राहू दे. त्यामुळे माझ्या ऱ्हस्व-दीर्घाकडे मंडळाने बघावं, मी मजकुराकडे बघते.

माझं काम म्हाताऱ्या माणसांना सांभाळायचं. त्यातही जी विसरायला लागली आहेत त्यांना. पाठवणारे एजन्सीवाले याला केअरगिव्हर म्हणतात, शेजारीपाजारी आया म्हणतात, आणि ज्यांना सांभाळते ते मला बहीण, सून, चोर, मास्तरीण काहीही म्हणतात. वरुणा गावच्या एका आजींनी मला शेवटपर्यंत दूधवाली मानलं आणि रोज दुधात पाणी घातल्याबद्दल शिव्या दिल्या. मीही रोज "उद्या घालणार नाही" म्हणायचे. त्यांचं समाधान व्हायचं.

लोकांना वाटतं, हे काम म्हणजे न्हाऊ घालणं आणि भरवणं. ते तर आहेच. पण खरं काम बघण्याचं आहे. माणूस विसरतो तेव्हा सगळं एकदम विसरत नाही. सकाळी काय खाल्लं ते आधी जातं. नातवांची नावं मग जातात. हातांना जे आयुष्यभर येत होतं ते फार उशिरा जातं. म्हणून मी नव्या घरी गेले की आधी तोंडाकडे बघत नाही, हातांकडे बघते. आणि "मला ओळखलं का?" हे कधी विचारत नाही. घरी येणारा प्रत्येक पाहुणा हेच विचारतो. एवढी परीक्षा कुणी माझी घेतली असती तर मी चौथीसुद्धा झाले नसते.

हुणसूरच्या रस्त्यावर आयुष्यभर सरकारी बसवर कंडक्टर असलेले एक गृहस्थ माझ्याकडे होते. त्यांच्या व्हरांड्यातलं बाक म्हणजे बस. सकाळी मला त्यावर बसवायचे, शेजारच्या कुंड्यांना सरकून बसायला सांगायचे आणि ओरडायचे, "रैट!" मग एकेक गाव यायचं, इलवाल, बिळिकेरे. मध्ये उतरायची सोय नव्हती. आंघोळ म्हटली की मात्र गृहस्थ हातघाईवर यायचे. एकदा मी म्हटलं, "साहेब, गाडी धुवायला डेपोत न्यायची आहे." ते म्हणाले, "मग चला की, उशीर कशाला?" आणि सरळ न्हाणीघरात गेले. त्यांची मुलगी म्हणाली, "तुम्ही बाबांशी खोटं बोलता." मी म्हटलं, "खोटं काय त्यात? धुवायचं होतंच."

हे आधी सांगितलं, कारण पुढे मला कुणी म्हणायला नको की कृष्णक्काला खोटं चालत नाही. चालतं. पण खोट्याखोट्यात फरक आहे, तो मला देवराज मोहल्ल्यात नागोजीराव शिंप्यांच्या घरी नीट कळला.

दिवाळी होऊन गेली होती. एजन्सीतून फोन आला, मराठी घर आहे, जाल का? गेले. पुढच्या खोलीत शिवणाचं दुकान, मागे घर. दारात दोन्ही बाजूंना केळीचे खुंट बांधलेले. आत शिलाई मशीनला हळदकुंकू, शेवंतीचा ताजा हार, शेजारी पाटावर मोठी कात्री, कापड मोजायचा गज, इस्त्री, सगळ्यांना गंधफुलं. मला वाटलं, मंगळवारची काही पूजा असेल. भक्ती जास्त आहे. मी पिशवी ठेवायला मशीनजवळ वाकले तर मागून आवाज आला, "अम्मा, हात लावू नका. आज नवमी आहे."

खुर्चीत धुतलेला पांढरा शर्ट घातलेला, ताठ बसलेला म्हातारा. हे नागोजीराव.

मी म्हटलं, "कसली नवमी? दिवाळी झाली की."

आतून सून धावत आली, माझ्या दंडाला धरून मला स्वयंपाकघरात घेऊन गेली. ज्योती तिचं नाव. "अय्यो कृष्णक्का, असं बोलू नका! आमच्याकडे अजून नवमीच आहे."

बाहेरच्या वाचकांसाठी सांगते. खंडेनवमीला आम्ही हत्यारं पुजतो. माझ्या माहेरी पणजोबांची तलवार चिंचेने घासून ठेवायचे. शिंपी मशीन पुजतो, ड्रायव्हर गाडी पुजतो. एकदा पूजा मांडली की त्या हत्याराला हात लावायचा नाही. दुसऱ्या दिवशी, विजयादशमीला, पूजा उतरवायची आणि मगच काम सुरू करायचं. म्हैसुरात हा नियम लहान पोरसुद्धा मोडत नाही.

या घरात पूजा आश्विनात मांडली होती आणि उतरवलीच नव्हती.

झालं असं होतं. नागोजीराव वर्षभर विसरत होते, पण काम चाललं होतं. मग दसऱ्याच्या आधी एक लग्नाची रेशमी साडी आली. अशा साडीला ब्लाऊजचं कापड एका टोकाला जोडूनच येतं, ते कापून घ्यायचं असतं. नागोजीरावांनी दुसऱ्या टोकाचं कापलं. म्हणजे पदर. जरीचा, भरगच्च पदर. त्यातून त्यांनी सुंदर ब्लाऊज बेतला होता, त्यात तिळाएवढी चूक नव्हती. नवरीची आई दुकानात मटकन बसली. मुलगा गोपीनाथ, तोही शिंपीच, त्याने हात जोडले, नवी साडी आणून दिली. पण त्या दिवसापासून त्याला वडिलांच्या हातातल्या कात्रीची भीती बसली. साडीची कमी, बोटांची जास्त. कात्री लपवली तर ते घर डोक्यावर घ्यायचे. मग खंडेनवमी आली. मशीन आणि कात्री पूजेत गेली, आणि नागोजीराव शांत बसले. हात लावायचा नाही म्हणजे नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी विचारलं, "आज नवमी ना?" गोपीनाथच्या तोंडून निघून गेलं, "हो अप्पा."

"आणि मग काय," ज्योती म्हणाली, "रोज तेच. सुम्ने, उगाच एक शब्द बोलून गेले हे आणि मी रोज सकाळी मार्केटातून हार आणतेय."

कॅलेंडर काढून ठेवलं होतं. केळीचे खुंट सुकले की बदलत होते. नवमी म्हणजे होळिगे हवी, होळिगे म्हणजे आपली पुरणपोळी, म्हणून रोज होळिगे. ज्योतीने काही दिवस केली, मग कंटाळून दुकानातून आणायला लागली. उंबरठ्यावर कोहळा फोडायचा असतो म्हणून नागोजीराव घरच्यांचा डोळा चुकवून कोहळा आणायला देवराज मार्केटात जायचे. भाजीवाले ओळखीचे, ते त्यांना कोहळ्यासकट घरी आणून सोडायचे. माजघरात कोहळ्यांची रास लागली होती. सांबार कोहळ्याचं, पल्या, म्हणजे सुकी भाजी, कोहळ्याची, आणि उरलेल्याचा हलवा. तोही अप्पांनाच.

मला हसू आवरेना. ज्योतीलाही आवरेना. मग तीच रडायला लागली. म्हणाली, "अप्पा सारखे बाहेर जातात. एकदा चुकले तर? आम्ही बेंगळूर रस्त्यावरचा एक आश्रम बघून ठेवलाय. तुम्ही त्यांना घरात शांत ठेवू शकलात तर ठीक. नाहीतर युगादीचा पाडवा झाला की तिकडे सोडायचं म्हणतात हे."

एवढं स्पष्ट बोलली म्हणून मला पोरगी आवडली.

दुपारी मी नागोजीरावांच्या पलंगाची चादर बदलायला घेतली. चादरीला कडेची दुमडच नव्हती. दुसरी काढली, तिलाही नाही. कपाटातल्या सगळ्या चादरींच्या, उशांच्या अभ्र्यांच्या, टॉवेलांच्या टिपा उसवलेल्या. दोरा कुठे ओढून तोडलेला नाही, टाका टाका करून सोडवलेला. टाचणीने. खाटेखाली दोऱ्यांची छोटी छोटी गुंडाळी, रंगांप्रमाणे वेगळी केलेली.

मी ते ज्योतीला दाखवलं. "हे बघ. तुम्ही यांना नवमी सांगितली, पण यांच्या हातांना कुणी सांगितलं नाही."

संध्याकाळी गोपीनाथ आला तेव्हा त्याच्याशी माझं वाजलं. तो म्हणाला, "अक्का, तुम्ही स्वतः कंडक्टरच्या बसमध्ये बसत होतात, ज्योतीने सांगितलं मला. मग आमची नवमी काय वाईट?"

"त्यांची बस चालू राहावी म्हणून मी बसत होते. तू तुझ्या बापाची गाडी बंद पडावी म्हणून नवमी केलीस."

"बोट कापलं तर तुम्ही येणार शिवायला?"

"कापेल म्हणून हातच बांधायचे असतील तर तुला मी कशाला हवी? दोर आण."

तो उठून वडिलांजवळ जाऊन बसला. भला मुलगा आहे. वडिलांना मोजे स्वतः घालतो. भीतीने माणूस मूर्ख होतो, एवढंच.

पुढच्या आठवड्यात दवाखान्याची पाळी होती. म्हाताऱ्यांच्या डॉक्टर, चाळिशीतल्या बाई, घाई न करणाऱ्या. रक्ताचा कागद बघून त्यांनी चष्मा काढला. "मागच्या वेळी साखर बरी होती. आता एवढी कशी? यांना गोड कोण खायला घालतंय?"

ज्योती जमिनीकडे बघायला लागली. गोपीनाथ छताकडे. नागोजीराव अभिमानाने म्हणाले, "नवमी आहे, डॉक्टर. होळिगे नको का?"

मी सगळं सांगून टाकलं. डॉक्टर आधी गंभीरपणे ऐकत होत्या, कोहळ्याच्या हलव्यापर्यंत आल्यावर हसायला लागल्या. गोपीनाथला राग आला. "चेष्टेची गोष्ट नाही, डॉक्टर. त्यांनी लग्नाच्या साडीचा पदर कापला. उद्या स्वतःचं बोट कापतील."

डॉक्टर लगेच थांबल्या. "मी तुम्हाला हसले नाही. तुमच्या जागी मीही असंच काही केलं असतं. पण आता नीट ऐका."

तेवढ्यात ज्योतीने पिशवीतून कॅप्सूलचा एक डबा काढला. डब्यावर मेंदूचं चित्र आणि परदेशी फळं. तिने विचारलं, "या कॅप्सूल मी रोज देते. यावर लिहिलंय ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस घालवतं. तो काय असतो? फोनवर बघितलं, काही कळलं नाही."

डॉक्टरांनी जे सांगितलं ते मला जसं समजलं तसं लिहिते. चुकलं असेल तर चूक माझी. आपलं शरीर अन्न जाळतं, त्यावर चालतं. म्हणजे प्रत्येकाच्या आत लहान लहान चुली पेटलेल्या आहेत. चूल म्हटली की धूर आला, काजळी आली. तरुणपणी शरीर ही काजळी हातासरशी पुसत असतं. वय झालं की पुसणं मंद होतं आणि काजळी साचते. मेंदू म्हणजे घरातलं सगळ्यात जास्त पेटणारं स्वयंपाकघर, म्हणून तिथे भिंती लवकर काळ्या होतात. याला ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस म्हणतात. विसरण्याला हे एकच कारण नाही, आणखी पुष्कळ आहेत, आणि कशाचा वाटा किती ते अजून नीट सांगता येत नाही, असंही त्या म्हणाल्या. मला हे आवडलं. माहीत नाही असं म्हणणारे डॉक्टर थोडे.

"मग या कॅप्सूल काजळी पुसतात ना?" ज्योतीने विचारलं.

"डब्यावर तसं लिहिणं सोपं आहे. या कॅप्सूलनी कुणाची आठवण परत आलेली मी तरी पाहिलेली नाही. आवळा खा, पालेभाजी खा, नाचणी खा, ते चांगलंच. पण तुम्ही एकीकडून पुसताय आणि दुसरीकडून रोज होळिगे घालून चुलीत ओली लाकडं सारताय. साखर वाढली की धूर जास्त. दिवसभर खुर्चीत बसवलं की तेही वाईट. यांना चालू द्या, झोपू द्या, चार माणसांत बसू द्या. आणि हाताला येत असलेलं काम द्या. गेलेलं परत येणार नाही, हे मी आधीच सांगते. पण आहे ते जास्त दिवस टिकवता येईल."

 मग गोपीनाथच म्हणाला, "बेतायचं काम मी करतो. त्यांना फक्त टीप मारायला दिली तर? मोटार काढून मशीन परत पायाचं करतो, म्हणजे सुई हळू चालेल. सुईपुढे बोटाला अडवणारी तार मिळते, ती बसवतो."

"बघा," डॉक्टर म्हणाल्या, "मला शिवणातलं हे कुठे ठाऊक होतं?"

गोपीनाथने त्याच संध्याकाळी, अप्पा अंगणात असताना, हार न हलवता मोटार काढली. चामड्याचा पट्टा चढवला, तेल घातलं. मलाच म्हणाला, "अक्का, आता तुम्ही सांगा त्यांना बसायला."

मी सांगितलं, "चला नागोजीराव, शिवायला बसा."

त्यांनी माझ्याकडे अशा नजरेने बघितलं, जणू मी देवळात चप्पल घालून गेले होते. "अम्मा, तुम्ही मराठी घरातल्या ना? नवमीला मशीन चालवायचं?"

"आज दशमी आहे."

ते उठले, मशीनजवळ गेले, हार दोन बोटांत धरला, दाबून बघितला. "हार ताजा आहे. दशमीला हार सुकलेला असतो." आणि परत जाऊन बसले.

आता घ्या. इतके दिवस घरच्यांनी त्यांना नवमी पढवली होती, ती एवढी पक्की बसली की मोडता येईना. ज्याला सकाळची कॉफी आठवत नाही त्याच्याशी वाद घालून आम्ही तिघं हरलो. केळीचे खुंट हिरवे आहेत, म्हणाले. बन्नीची पानं कुठे आहेत, म्हणाले. इथे आपट्याऐवजी बन्नीची, म्हणजे शमीची, पानं वाटतात. राजवाड्यातून हत्तीवरची अंबारी निघाली का, विचारलं. गोपीनाथने कपाळाला हात लावला. "हे आता कायमचं झालं."

मी म्हटलं, "कायमचं काय? नवमी तुम्हीच आणलीत, आता दशमीही तुम्हीच आणा. ती अर्धी कशी सोडता येईल?"

म्हणून मार्गशीर्षात आमच्याकडे विजयादशमी झाली.

ज्योतीने हार आणणं बंद केलं, तो सुकू दिला. केळीची पानं पिवळी पडू दिली. होळिगे बंद म्हटल्यावर नागोजीराव रागावले, तेव्हा मी सांगितलं, काल संपली. त्यांना ते पटलं, सणाच्या दुसऱ्या दिवशी संपतेच. बन्नीची पानं मी ओळखीच्या देवळातल्या पुजाऱ्याकडून आणली. तो म्हणाला, "अज्जी, आत्ता कशाला?" मी म्हटलं, "आमचा दसरा उशिरा येतो." शेजारी दागिन्यांचं दुकान असलेले शेट्रू, त्यांना ज्योतीने सगळं समजावलं होतं. ते रेशमी धोतर नेसून, कपाळाला गंध लावून, कामाच्या दिवशी दुकान नोकरांवर टाकून आले. त्यांच्या बायकोने तर खोपा घालून फुलं माळली होती. म्हणाली, "सण काय, वर्षातून दोनदा आला तर आम्हाला जास्तच." गल्लीतल्या आणखी बायका आल्या. गोपीनाथने टीव्हीवर गेल्या दसऱ्याची मिरवणूक लावली. हत्ती निघाला, बँड वाजला. नागोजीराव म्हणाले, "आवाज बारीक करा, पूजा उतरवायची आहे."

गोपीनाथने टीव्ही बंदच केला.

ते उठले. हात धुतले. हाराची गाठ सोडली, तोडली नाही. कात्रीवरचं फूल काढून डोळ्यांना लावलं. प्रत्येक हत्याराला नमस्कार करून जागेवरून जरा हलवलं. उत्तरपूजा अशीच करतात, कुणी शिकवायला लागलं नाही. गोपीनाथने कात्री हळूच स्वतःकडे घेतली, तर तेच म्हणाले, "घे, आता तू बेत. माझा डोळा चालत नाही." गोपीनाथ माझ्याकडे बघायला लागला. इतके दिवस ज्या कात्रीवरून घर पेटलं होतं ती त्यांनी आपल्या हाताने दिली. पूजा दसऱ्यालाच उतरवली असती तर त्यांनी ती पहिल्याच दिवशी दिली असती की नाही, देव जाणे. माझ्या मते नसती दिली. पण गोपीनाथला वाटतं दिली असती, आणि तो अजून हळहळतो.

मग ते मशीनवर बसले. पायांनी पॅडल शोधलं. चाक उलटं फिरलं, दोरा तुटला. गोपीनाथ पुढे झाला तर त्याच्या हातावर चापट बसली. "हात काढ." त्यांनी चाकाला तळव्याने पुढे ढकललं, पायाने ताल धरला, दोरा परत ओवला. एकदा हुकला, दोनदा हुकला. शेट्रूंची बायको देवाचं नाव घ्यायला लागली, मी तिला गप्प केलं. तिसऱ्यांदा दोरा सुईतून आला आणि मशीन चालायला लागलं. गोपीनाथने उशीचा एक अभ्रा बेतून ठेवला होता, साधा, चार सरळ टिपांचा. त्यांनी एक बाजू शिवली. दुसरी बाजू लावली, आणि थांबले.

"हे कुणी बेतलं?"

"मी, अप्पा."

"उरेब गेलंय. दिसत नाही? कुणाकडे शिकलास?"

"तुमच्याकडेच."

नागोजीराव जरा विचारात पडले. "मग शिकवणाऱ्यालाच अक्कल नसेल," म्हणाले आणि पुढे टीप मारायला लागले.

गल्लीभर हशा झाला. गोपीनाथ हसतही होता आणि नाक पुसतही होता. त्याने मला विचारलं, "खरंच वाकडं कापलं होतं का हो मी?" मी म्हटलं, "मला काय विचारतोस, मी शिंपीण आहे?" ज्योतीने अभ्रा उलटून बघितला. कापला होता वाकडाच. 

आता कुणी विचारेल, मग बरे झाले का? नाही झाले. या दुखण्यात बरं होणं नाही, आणि जो बरं करतो म्हणेल त्याला दारातूनच परत पाठवा. साखर खाली आली, ती होळिगे थांबल्यामुळे. झोप लागायला लागली, कारण दमायला लागले. चादरींच्या टिपा उसवणं बंद झालं, आता तेच त्या मारून देतात. मार्केटात पळून जाणं थांबलं, कारण दुपारी आम्ही दोघं मुद्दाम जातो आणि कोहळा सोडून बाकी सगळं बघून येतो. माझं नाव त्यांना अजून माहीत नाही. रोज सकाळी मी दारात दिसले की म्हणतात, "या अम्मा, काय शिवायचं?" मी काही ना काही घेऊनच जाते. आमच्या घरातली चहा गाळायची फडकीसुद्धा आता चारी बाजूंनी शिवलेली आहेत.

घरची फडकी संपली तसा गोपीनाथला प्रश्न पडला, आता काय द्यायचं? उगाच केलेलं काम त्यांना कळतं. एकदा त्याने शिवलेलंच कापड उसवून परत दिलं तर म्हणाले, "हे मी कालच केलंय." नसेल केलं काल, पण हातांना कळलं. तेव्हा शेट्रू आले. दागिने ठेवायला लाल मखमलीच्या छोट्या थैल्या लागतात, वर ओढायची दोरी. ते बाहेरून मागवायचे. म्हणाले, "नागोजीरावांनी करून दिल्या तर बरं. पण मला दयेचं काम नको, वाकडी थैली मी परत करीन." मी म्हटलं, "जरूर करा." त्यांनी पहिल्या खेपेला काही परत केल्याच. नागोजीराव दिवसभर धुसफुसले आणि दुसऱ्या खेपेला एकही परत आली नाही.

गोपीनाथने त्या आश्रमाला फोन करून जागा नको म्हणून सांगितलं.  ज्योतीने फक्त विचारलं, "कृष्णक्का, युगादीनंतरही याल ना?" मी म्हटलं, "पाय चालतायत तोवर येईन."

परवाचीच गोष्ट. शेट्रू दारात आले. लग्नसराई आहे, थैल्या हव्यात, घाई आहे. नागोजीरावांनी मशीन थांबवलं नाही. मान वर न करता म्हणाले, "होतील. गुरुवारी या."

गोपीनाथने कात्री खाली ठेवली. ज्योती आतून डोकावली. त्या दिवशी गुरुवारच होता. आणि थैल्यांना अजून हातही लागला नव्हता.

शेट्रू आयुष्यभर शिंप्याच्या शेजारी राहिलेले, शिंप्याचे वायदे त्यांना पाठ. ते म्हणाले, "नक्की ना, नागोजीराव? मागच्या वेळीही तुम्ही असंच सांगितलं होतं."

"नक्की म्हणजे नक्की," नागोजीराव म्हणाले. "संध्याकाळी या. सकाळी आलात तर मिळणार नाहीत."